पाण्याचे चित्र खोटे ठरू शकते काय?

रसिक : आधी माझी कल्पना पुरती मांडू द्या, आक्षेपांना मागाहून मोकळीक आहेच. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद हे अलीकडचे तालुके आणि आळंद, अफझलपूर, चितापूर हे गुलबर्ग्याकडचे, एवढ्या टापूत चित्रे काढणारी, दगड घडविणारी, बिदरीच्या भांड्यावर चांदीची तार बसविणारी जी माणसे आज आपापल्या गावी एकेकटी काम करीत बसली आहेत, त्या सर्वांचे मिळून एक प्रदर्शन भरवावे आणि त्याला विषय एकच द्यावा, तो म्हणजे पाणी. कलावंतांची वाण या मुलखाला कधी नव्हती. पौराणिक प्रसंगांच्या चित्रांनी देशभरच्या घरांतील भिंती ज्यांनी भरून टाकल्या ते एस. एम. पंडित १९१६ साली गुलबर्ग्यातच जन्मले; पण नाव झाले ते मुंबईस गेल्यावर, आणि मागे राहिलेल्यांकडे कोणी वळून पाहिले नाही. विषयाची तर येथे खाणच आहे. पंधराव्या शतकात अहमदशहा वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली, तेव्हा त्याने निवडलेले पठार वरून पाहता तांबड्या जांभ्या दगडाचे आणि कोरडे. परंतु पावसाचे पाणी त्या जांभ्यातून झिरपत जाते, खालच्या काळ्या पाषाणाशी अडते आणि दोहोंच्या सांध्यावर साचून राहते. त्या सांध्याचा माग काढीत जमिनीच्या पोटात भुयार खणावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर पाणी बाहेर आणावयाचे, ही इराणी विद्या येथे रुजली. नौबादची सुरंग बावी, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी ही तिची तीन स्थळे होत. त्याच जांभ्यातून गुरू नानकांनी पायाने शिळा सरकवून गोड्या पाण्याचा झरा मोकळा केला अशी शिखांची श्रद्धा आहे, आणि नानक झिऱ्याला आलेला यात्रेकरू ते पाणी अजून ओंजळीने पितो. त्याच दगडाच्या गाभ्यात झरणी नरसिंहाच्या दर्शनाला छातीइतक्या पाण्यातून चालत जावे लागते. गाणगापूरला भीमा आणि अमरजा, माणिकनगरला विरजा आणि गुरुगंगा, कल्याणला त्रिपुरांत तलाव! एवढा ऐवज हाताशी असता आपले चित्रकार काश्मीरची सरोवरे का रंगवीत बसतात, हेच मला उमगत नाही.

संशयी : आपली यादी निर्दोष आहे, आणि धोका मला तिच्या निर्दोषपणातच दिसतो, पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत ती एक अक्षर न बदलता छापता येईल. माझे आयुष्य महसूल खात्याच्या कागदांत गेले. त्या कागदांत पाणी आले ते पाणीपट्टी म्हणून, बुडित क्षेत्र म्हणून, टंचाईचा अहवाल म्हणून, टँकरच्या खेपांचा हिशेब म्हणून. त्यामुळे पाण्याला सौंदर्याचा विषय म्हणून पाहणारा मनुष्य समोर आला की पहिला प्रश्न मनात येतो, याच्या घरी नळाला पाणी किती दिवसांआड येते? ज्याच्या घरात भरलेला हौद आहे त्यालाच पाण्यावरची चकाकी दिसते. मराठी चित्रकलेतील जलरंगांची परंपरा मोठी आहे हे मला ठाऊक आहे. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी जलरंगात काढलेली दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहताना माझेही भान हरपले होते. पण त्याच परंपरेने आपल्याला नाशिकचा घाट, वाईचा घाट, त्यावरची देवळे आणि खाली त्यांची हलती प्रतिबिंबे अशी हजारो चित्रे दिली, आणि त्या हजारोंत घाटावर कोणाला उतरू देत नसत हे दाखविणारे चित्र मला आठवत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, तेव्हा तळे होते तसेच होते, त्यावर ऊन पडत होते, प्रतिबिंबेही असतीलच. एखादा चित्रकार आदल्या दिवशी काठावर बसला असता तर त्याने फार सुरेख चित्र काढले असते, आणि ते चित्र मुळापासून खोटे झाले असते. आपल्या गावांतील आड आणि विहिरी काही निराळ्या नव्हत्या. आणखी एक सांगतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी आपल्या शेजारच्या लातूरला आली. त्या दृश्यापुढे कोणत्या कलावंताची कल्पना टिकणार? वास्तव जेथे इतके बोलके आहे तेथे चित्राने बोलावयाचे ते काय?

रसिक : आपण आक्षेप म्हणून जे सांगितले तेच मी प्रयोजन म्हणून सांगितले असते. आगगाडी सर्वांना दिसली, कारण ती दिसण्याजोगी होती. छायाचित्रकार फलाटावर उभे होते. पण जे पाणी मुळात दिसतच नाही त्याचे काय? या मुलखाचे खरे पाणी नदीत कमी आणि दगडाच्या सांध्यात अधिक आहे. नौबादचे भुयार दोन किलोमीटरांहून लांब, वीस-एकवीस उभ्या विहिरींतून त्याला हवा आणि उजेड मिळे, त्याच विहिरींतून गाळ वर काढीत. हे सारे शेकडो वर्षे चालले आणि पुढे गावाच्या स्मृतीतून असे पुसले गेले की त्या उभ्या विहिरी लोकांना जुने पडके आड वाटू लागले आणि कोणी त्यांत कचरा टाकला, कोणी त्यांच्यावर बांधकाम केले. पाणी आटले म्हणून विस्मरण झाले नाही. विस्मरण झाले म्हणून भुयार गाळाने भरले. ज्यांना लोक कोरडी माणसे म्हणतात त्या अभ्यासकांनी हे उलगडले. केरळचे भूगोलवेत्ते व्ही. गोविंदनकुट्टी यांनी त्या भुयाराचा नकाशा मांडला, बीदरच्या तरुणांनी हातभार लावला, आणि २०१५च्या आगेमागे गाळ उपसण्याचे काम झाले, तेव्हा कोठे लोकांना कळले की आपण चालतो त्या रस्त्याखाली एक नदी आडवी निजली आहे. त्याच सुमारास जगाचेही डोळे उघडले. इराणातील अशाच भुयारांना, म्हणजे कनातींना, युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशात घेतले, आणि विजापूरची सुरंग बावडी जगातील धोक्यातल्या स्मारकांच्या २०२०च्या यादीत आली. माझे म्हणणे इतकेच की डोळ्यांना न दिसणारी वस्तू डोळ्यांपुढे आणणे हेच चित्राचे आदिम काम आहे, आणि नकाशाने जे केले ते चित्रानेही करावे.

संशयी : थांबा. नकाशा आणि चित्र आपण एका ओळीत बसविलेत, ते मी तसे जाऊ देणार नाही. नकाशा खोटा ठरू शकतो. त्यात जेथे विहीर दाखविली आहे तेथे फावडे घेऊन जावे, खणावे, आणि विहीर निघाली नाही तर नकाशा चुकला. ज्याने तो काढला त्याने मान खाली घालावी आणि रेघ पुसावी. गोविंदनकुट्टींचा नकाशा गाळ काढणाऱ्यांच्या उपयोगी पडला तो या जबाबदारीमुळे. आपल्या चित्रकाराने त्याच भुयाराचे एक निळे-करडे, गूढ, अर्धवट अंधारातले चित्र काढले, आणि नौबादचा एखादा म्हातारा त्यापुढे उभा राहून म्हणाला की "हे असे नाही," तर चित्रकार काय म्हणेल? "बाबा, हे माझे दर्शन आहे." झाले! तेथे संवाद संपला. ज्या विधानाला कोणी खोटे ठरवू शकत नाही त्याला आमच्या कचेरीत कैफियत म्हणत, दाखला म्हणत नसत. कैफियत कोणीही लिहून देतो. दाखल्यावर सही करणाऱ्या मनुष्याला उद्या चौकशीला उभे राहावे लागते. पाण्यासारख्या विषयावर, ज्यावर माणसे भांडतात, खटले चालवितात, प्रसंगी डोकी फोडतात, केवळ कैफियतींचे प्रदर्शन भरविणे मला पोरखेळ वाटतो.

रसिक : आता आपण खऱ्या प्रश्नाशी आलात, आणि योगायोग असा की या प्रश्नाचा विचार आपल्याच जिल्ह्यात साडेआठशे-नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याण नगरी. तेथे तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. मराठी माणसाला तो ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी गीतांच्या ओळींमुळे. पण त्या शंभर अध्यायांत चित्रकर्माचेही विवेचन आहे, भिंत कशी घोटावी आणि वज्रलेप कसा करावा इथपासून. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना राजा म्हणतो की एक विद्ध चित्र, जे आरशातील प्रतिबिंबाइतके वस्तूशी जुळते; दुसरे अविद्ध, जे मनातील कल्पनेतून सहज उमटते; शिवाय भावचित्र, रसचित्र आणि धूलिचित्र. म्हणजे ज्याला आपण दाखला म्हणता ते विद्ध चित्र झाले, त्याला खोटे ठरविता येते, आणि तसे ते ठरावे ही शास्त्राचीच अपेक्षा आहे. परंतु त्याच राजाने बाकीच्यांनाही चित्र म्हटले, आणि त्यांना विद्ध चित्राची मोजपट्टी लावली नाही. तहानेची मोजदाद आपल्या अहवालात होते. तहानेचा भाव कोठे नोंदवावयाचा? टंचाईच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

संशयी : रकाना नव्हता, हे मान्य. पण ज्या राजाची आपण साक्ष काढलीत त्याच्याच ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये जलक्रीडाही आहे. तळ्यात उतरून अंतःपुरासह पाणी उडविण्याचा तो विलास आहे. ते तळे कोणी खणले, कोणी भरले, त्यांच्या भावाचे चित्र राजाने भावचित्रांत धरले होते काय? मला शास्त्राशी भांडावयाचे नाही. मला एवढेच दिसते की पाण्यावरचा रस बहुधा त्याने निर्माण केला ज्याला पाणी ओढावे लागले नाही.

रसिक : मग याचा शेवट कोठे होतो तेही पाहा. कलेने तहानलेल्यालाच उत्तर दिले पाहिजे, दुसऱ्या कोणाला नाही, असा नियम आपण घालाल तर त्यातून जे निघेल ते आपल्या कचेरीच्या भिंतीवर आधीपासून लटकलेले आहे: दोन तळव्यांत पृथ्वीचा गोळा, भेगाळलेली जमीन, नळाच्या तोंडाशी लोंबणारा एक थेंब, आणि खाली पाणी वाचविण्याची आज्ञा. ती चित्रे कोणालाही उपयोगी नाहीत आणि कोणालाही खोटी ठरविता येत नाहीत. आपल्या दोन्ही कसोट्यांत ती एकदम नापास होतात. उलट बिदरीचे काम घ्या. त्यात पाण्याचा विषय कोठेच नाही. वेलबुट्टी असते, अफूचे फूल असते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, मोरचुदाने काळे करून त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या चरांत चांदीची तार ठोकतात, आणि शेवटी नवसागर आणि एक विशिष्ट माती कालवून त्यात भांडे घातले की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच शुभ्र राहते. ती माती कोठली? किल्ल्यातील जुन्या बांधकामांच्या आडोशाची, जिला शतकानुशतके ऊन लागले नाही आणि पावसाचे पाणी शिवले नाही. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. मला तर वाटते की पाण्याच्या प्रदर्शनात पहिली वस्तू बिदरीची सुरई असावी, कारण ती पाणी धरण्यासाठी घडली आणि तिचा काळेपणा पाण्याच्या अभावातून आला. आणि आपल्याला हवी ती जबाबदारी येथे आहे की नाही? माती चुकली तर रंग चढत नाही. कारागिराला "हे माझे दर्शन आहे" असे म्हणून सुटता येत नाही.

संशयी : सुरईचा दाखला चांगला आहे, इतका चांगला की त्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करावे लागते. कारागीर जबाबदार आहे तो धातूला आणि मातीला. द्रव्याशी इमान राखणे ही मोठीच गोष्ट, पण ती पाण्याशी इमान राखणे नव्हे. भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजाचे धरण झाले. त्या जलाशयाचे चित्र एखाद्या निष्णात जलरंगकाराने काढले, कागद कोठे कोरा सोडावा, रंग कोठे ओला असतानाच पसरू द्यावा, हे सारे त्याला साधले, तर तो आपल्या द्रव्याशी पूर्ण इमानी ठरेल. परंतु त्या निळ्या पसाऱ्याखाली ज्यांची शेते गेली, आणि ज्यांनी मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे आणि धरणी केली, त्यांपैकी एक शेतकरी त्या चित्रापुढे उभा राहिला तर? त्याला तो जलाशय दिसणार नाही. त्याला बांध दिसेल, विहीर दिसेल, आंब्याचे झाड दिसेल. आपला चित्रकार म्हणेल, मी पाणी काढले. शेतकरी म्हणेल, तू माझे शेत झाकलेस. दोघेही आपापल्या परीने खरे, असे म्हणून मोकळे होणे मला पसंत नाही. कारण त्या दोन खरेपणांपैकी एकावर कर्ज आहे आणि दुसऱ्याला चौकट आहे.

(येथे लेखकाला मध्येच एक वाक्य लिहावेसे वाटते. हे दोघे ज्या गोष्टीवर वाद घालीत आहेत ती चित्रांची नसून साक्षीदारांची आहे, असा मला संशय येऊ लागला आहे. पण दोघांपैकी कोणीही तसे कबूल करणार नाही.)

रसिक : समजा, मी आपल्याला असे उदाहरण दिले की जेथे पाणी भरणारीच परीक्षक होती. छत्तीसगडात बस्तरमध्ये, कोंडागावच्या बाजूस, मुंबईच्या कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी तेथल्या आदिवासी कलावंतांना बरोबर घेऊन गावच्या हातपंपांभोवतीच्या जागा नव्याने घडविल्या. त्यांना नळपार म्हणतात. शिल्पे आहेत, चिन्हे आहेत, सारे काही कलेच्या व्याख्येत बसणारे आहे. पण पाणी वाहून जाण्याची सोय आहे, चिखल होऊ नये अशी फरशी आहे, आणि डोक्यावर घागर चढविताना बाईला कंबर मोडेपर्यंत वाकावे लागू नये म्हणून घागर टेकविण्याच्या जागा निरनिराळ्या उंचीवर बांधल्या आहेत. ते एकट्याचे काम नाही. अनेक हातांचे आहे.

संशयी : हे मी बिनशर्त मान्य करतो. आणि का करतो तेही सांगतो, म्हणजे आपला गैरसमज होणार नाही. तेथे सौंदर्याला उपयोगाची जोड मिळाली म्हणून नव्हे. तशी जोड तर आपल्या प्रत्येक जुन्या बारवेला आहे. मान्य करतो ते अशासाठी की ओटा चार बोटे उंच झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन आलेली बाई सांगेल, "हे चुकले." आणि कलावंताला ते ऐकावे लागेल, कारण ओटा तिचा आहे. मला चित्रात जे हवे होते आणि ज्याचे नाव सापडत नव्हते ते हेच. चित्राने नकाशा व्हावे असे नाही. पण ज्याचे पाणी त्यात आहे त्याला त्या चित्राला चूक म्हणता आले पाहिजे, आणि तसे म्हटल्यावर काहीतरी घडले पाहिजे. आता सांगा, आपल्या दिवाणखान्यासारख्या सभागृहात, फीत कापून उघडलेल्या, अध्यक्षीय भाषणाने पवित्र झालेल्या प्रदर्शनात हे कसे घडणार?

रसिक : सभागृहाला आपण फारच हिणविता. ओटा एका गावाचा असतो; सभागृहात अनेक गावे एकत्र येतात, आणि औरादच्या माणसाला अफझलपूरच्या पाण्याशी ओळख करून देण्यास दुसरी जागा नाही. पाण्याला सरहद्द नसते, हे निदान एका छताखाली तरी दिसू द्या. १९५६ साली आपला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात राहिले, जहीराबाद आणि नारायणखेड तेलंगी भागात गेले, आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. मांजरा मात्र बालाघाटात उगम पावून तिन्ही प्रदेशांतून वाहतच आहे. एका घरात मराठी बोलणारा, बाजारात कानडी बोलणारा आणि जुने खरेदीखत उर्दूत वाचणारा मनुष्य जेथे अजून सापडतो तेथे पाण्याखेरीज दुसरा कोणता विषय सर्वांचा असेल?

संशयी : पाण्याला सरहद्द नसते, हे वाक्य ज्याने बंधाऱ्याची दारे पाहिली आहेत तो उच्चारणार नाही. मांजरेने किती पाणी कोठे ठेवावे यावर राज्याराज्यांत लवाद बसला. आपल्या हद्दीतून गेलेल्या तिच्या पाण्यावर हैदराबादची तहान भागली. भीमेचे तर उलटच. ऑक्टोबर २०२०मध्ये सोलापूरकडच्या उजनीची दारे उघडली आणि अफझलपूर, जेवर्गीकडची काठावरची गावे पाण्यात गेली. उन्हाळ्यात त्याच गावांतील लोक त्याच उजनीकडे पाणी सोडण्याची याचना करतात. सरहद्द पाण्याला आहे, आणि तिला कुलूप-किल्लीही आहे. आपल्या प्रदर्शनात किल्ली ज्याच्या हाती त्याचे चित्र असेल काय? शिवाय भाषेची गोष्ट आपण काढलीत म्हणून विचारतो, चित्रांखालच्या पट्ट्या कोणत्या लिपीत असतील?

रसिक : तिन्ही. कानडी, मराठी, उर्दू. येथे मला भीमेच्याच काठचा आधार आहे. चितापूर तालुक्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला जो बौद्ध स्तूप उत्खननात निघाला त्याच्या शिल्पपटांवर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत. अशोकाच्या प्रतिमेखाली "राया असोको" असे लिहिलेले सापडले म्हणून तर दोन हजार वर्षांनी त्याचा चेहरा ओळखता आला. तेही सामूहिकच काम होते. कोणी दगड दिला, कोणी घडविला, कोणी अक्षरे कोरली. त्या नदीकाठी लोकांनी चित्राखाली लिहिण्याची चाल पाडली, ती मी पुढे चालवीन इतकेच.

संशयी : अशोकाला ओळखावयास अक्षरे लागली, कारण तो दूर होता. पाण्याला ओळखावयास लागणार नाहीत. त्या पट्ट्यांवर मला नावे नकोत; मला जागा कोरी हवी, आणि पहिल्या दिवशी ज्यांना बोलवावयाचे ते कलासमीक्षक नकोत. कारंजाच्या बुडितातला शेतकरी, नौबादचे भुयार उपसणारा मजूर, टँकरचा चालक, झिऱ्यावर पाणी वाटणारा सेवेकरी, आणि ज्यांना एके काळी गावच्या विहिरीवर चढू दिले नाही त्या वस्तीतील कोणी. त्यांना जे चित्र खोटे वाटेल त्याखाली त्यांनी आपल्या भाषेत तसे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे दुसऱ्याने लिहून घ्यावे, जसा जबाब लिहून घेतात.

रसिक : ही सूचना मी घेतो, आणि मनापासून घेतो, पण तिचा एक परिणाम आपण लक्षात घेतला नाही. माणूस ज्या पाण्याशी जन्मभर झगडला ते चित्रात पाहताना तो बहुधा "हे असे नाही" असेच म्हणेल, कारण कोणतेही चित्र त्याच्या पाण्याएवढे जड असणार नाही. म्हणजे ते चित्र खोटे ठरले असे होत नाही. ते चित्र आहे, पाणी नाही, एवढेच ठरते. झरणी नरसिंहाच्या विवरात सुमारे तीनशे मीटर छातीभर पाण्यातून चालताना, डोक्यावर वटवाघळे, खांद्यावर मूल, पुढच्याची पाठ हाच मार्गदर्शक, त्या यात्रेकरूला पाण्याचे चित्र दाखवा, तो हसेल. तरीही जो त्या विवरात कधी गेला नाही, जाणार नाही, ज्याला भुयारातील पाण्याचा अंगावर येणारा गारवा कोणी सांगितलाच नाही, त्याच्यासाठी चित्र लागते. आपण परीक्षक नेमलेत ते सर्व पाण्याच्या आतले. बाहेरच्यांचा हक्क आपण कोठे ठेवलात? बंगळुरास बसून ज्यांनी या जिल्ह्यांचे पाणी मोजले ते बाहेरचेच होते. त्यांना हलवू शकेल असे चित्र कदाचित आतल्याला खोटे वाटेल.

संशयी : हे उत्तर मला अडचणीत टाकणारे आहे, आणि मी ते झटकून टाकणार नाही. आतल्याला खरे आणि बाहेरच्याला परिणामकारक, ही दोन्ही ज्याला साधतील तो थोर चित्रकार. पण प्रदर्शनाची योजना थोरांच्या भरवशावर आखता येत नाही, ती साधारण माणसांसाठीच आखावी लागते. आणि त्या दोहोंत निवडावे लागले तर मी आतल्याच्या बाजूने राहीन. बाहेरच्याला हलविण्यासाठी रंगविलेली तहान मी पुष्कळ पाहिली. तिने अनुदान मिळते, पाणी मिळत नाही. आता एकच व्यावहारिक प्रश्न उरतो. प्रदर्शन भरवावयाचे केव्हा?

रसिक : श्रावणात. जांभा पाणी पिऊन तृप्त असतो, झरे बोलके असतात, यात्रेकरूंची वर्दळ असते, कलावंतांना शेतीच्या कामातून थोडी उसंत मिळते. वैशाखात येथे ऊन असे असते की दुपारी रस्त्यावर कुत्रे फिरकत नाही, कोण येणार?

संशयी : वैशाखात ज्यांचे येणे होईल त्यांच्यासाठीच ते असावे. श्रावणात पाण्याचे चित्र कोणालाही खरे वाटते. सभागृहाच्या दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवावयाचा की नाही, ठेवला तर तो कोणी भरावयाचा, आणि त्या दिवशी गावाला नळ आला नसेल तर काय, या प्रश्नांची उत्तरे समितीला वैशाखातच द्यावी लागतील. आपल्या दरखास्तीवर महिना श्रावण असेल तर माझी सही होणार नाही.

रसिक : आणि वैशाख असेल तर निम्मे चित्रकार यावयाचे नाहीत, त्यांत बिदरीचे कारागीरही आले, भट्टीपुढे बसणाऱ्याला त्या महिन्यात आणखी ऊन नको असते. मी आपली कोरी पट्टी घेतो, आपले परीक्षक घेतो. महिना घेत नाही. आणि एक गोष्ट आताच सांगून ठेवतो: खाली कोणी काहीही लिहिले तरी चित्र भिंतीवरून उतरविले जाणार नाही.

संशयी : न उतरवा. लिहिलेलेही पुसू नका. दोन्ही एका खिळ्याला राहू देत, एवढी हमी लेखी द्या. महिन्याचे आपण नंतर बोलू.